चोवीस पेट्यांखालचे शॉकअप

रविवारी पहाटे पिकअप अंगणात शिरली तेव्हा हौद्याच्या कडेवरून मध गळत होता. मध गळताना बघून खूष होणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण मधमाश्या पाळणाऱ्या घरात पेटीच्या बुडातून मध गळणं म्हणजे घात. आतलं पोळं तुटून खाली पडलेलं असतं.

गाडी पुरती थांबायच्या आत आबांनी हौद्यावर पाय टाकला. सत्तरी उलटली होती, पण पेट्यांचं काही असलं की त्यांचे गुडघे दुखायचं विसरत. त्यांनी दोन पेट्यांची झाकणं उघडली. दोन्हींत पोळी चौकटीतून निखळली होती आणि दुसरीत राणीमाशी त्याखाली दबून मेली होती. आबांनी ती तळहातावर घेतली, बराच वेळ बघितली आणि खाली उभ्या असलेल्या सुनेला म्हणाले, "खड्डा तुला दिसत नाही, की दिसला म्हणून त्याच्यावरच घालतेस?"

सून म्हणजे ड्रायव्हरीण. गावात तिला याच नावानं ओळखत. सहा वर्षं या घरच्या पेट्या तिनंच वाहिल्या होत्या. इथे मोहर आला की इथे, तिथे फुलं आली की तिथे.

"खड्डे चुकवलेत मी, आबा. पण गाडी एकदा उडाली की उडतच राहते. मागचे शॉकअप गेलेत."

"राणी मेली की दोष शॉकअपचा. तुझी चूक कधी नसतेच, नाही का?"

ड्रायव्हरीण गाडीच्या मागे गेली. मागच्या कोपऱ्यावर तिनं दोन्ही हात टेकले, अंगाचा सगळा भार दिला आणि सोडला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. पाचदा झोके घेऊन थांबली. चोवीस पेट्यांमधून एकदम गुरगुर उठली.

"पुरे, पुरे! चिडतील त्या," आबा ओरडले. मग खाली उतरून त्यांनी निकाल दिला. शनिवारी पहाटे पेट्या सूर्यफुलाच्या शेतावर पोचवायच्या होत्या. "मी मामाला सांगतो. त्याची गाडी येईल, त्याचा ड्रायव्हर येईल. आणि आता इथून पुढे तोच येईल."

मामा म्हणजे आबांचे मेव्हणे. त्यांनी आपली पिकअप खास खर्च करून हातभर उंच करून घेतली होती, तेव्हापासून त्यांना सगळे उंचगाडे म्हणत. त्यांना ते आवडायचं.

लग्न होऊन आली तेव्हा ड्रायव्हरणीला माश्यांची भीती वाटायची. पहिल्याच दिवशी भुवईवर डंख बसला आणि आठवडाभर ती एका डोळ्यानं सासर बघत होती. पेट्या आबांच्या, सुतारकाम नवऱ्याचं, मध गाळणं सासूबाईंचं. स्टिअरिंग तेवढं तिचं होतं. ते गेलं तर या घरात ती नुसती डंख खाणारी उरणार होती.

"शुक्रवारपर्यंत मुदत द्या, आबा," ती म्हणाली. "शॉकअप बदलते. मग ठरवा."

"बदल. पण मामाला मी आजच सांगणार," आबा म्हणाले आणि निखळलेली पोळी दोऱ्यानं चौकटीत परत बांधायला बसले.

आता गंमत अशी की गाडी गॅरेजला न्यायची सोय नव्हती. दोन्ही बाजूंचे फाळके काढून पेट्या हौद्यावर पाठीला पाठ लावून रचलेल्या होत्या, तोंडं बाहेर. सकाळी तोंडं उघडली की माश्या चरायला जात आणि संध्याकाळी नेमक्या तिथेच परत येत. माशी घरापेक्षा घराची जागा लक्षात ठेवते. दिवसा गाडी चार हात सरकवली तर हजारो माश्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालून जमिनीवर पडायच्या. पेट्या खाली उतरवून ठेवल्या तरी तेच. म्हणून शनिवारपर्यंत गाडी अंगणात, पेट्या गाडीवर, आणि दुरुस्ती करायची तर माश्यांच्या दाराखाली बसून.

सोमवारी दुपारी ती आणि नवरा पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकले. डाव्या शॉकअपचं तेल गळून त्यावर धूळ बसली होती. उजव्याचा खालचा रबर केव्हाच उडून गेला होता. नवऱ्यानं खिशातला टेप काढला आणि वरच्या कडीपासून खालच्या कडीपर्यंत माप घेतलं.

"पंधरा इंच."

"नीट बघा अहो."

"अगं, मी पेटीच्या फळ्या कापतो. माझं सूतभरही चुकत नाही," नवरा म्हणाला आणि त्याच वेळी त्याच्या कानाच्या पाळीला माशी चावली. त्यानं डोकं उचललं, ते हौद्याच्या बुडाला आपटलं. तरी पंधराचा आकडा त्यानं कानाला हात लावून पुन्हा सांगितला.

मंगळवारी ती एसटीनं बाजाराच्या गावी गेली. स्टँडवर उंचगाडे मामा हजर होते. सासूबाईंनीच भावाला फोन केला असणार, कारण सुनेला गाडीतलं कळतं यावर त्यांचा विश्वास होता, पण दुकानदाराला ते कळेल यावर नव्हता.

शॉकअपवाल्याचं दुकान अरुंद होतं. भिंतभर खोकी, मध्ये एक स्टूल, आणि चष्म्याची तुटलेली काडी तारेनं बांधलेला मालक. मामांनी आत शिरताच सगळ्यात जाड, सगळ्यात लांब, लाल रंगाच्या शॉकअपला थोपटलं. "हे दे. माझ्या गाडीला हेच आहेत. रणगाड्याला लावले तरी चालतील."

मालकानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "ताई, गाडी उचललेली आहे की कंपनीतून आली तशी?"

"तशीच आहे अजून, बिचारी," मामा म्हणाले. एखादीचं लग्न जमत नसावं असा त्यांचा सूर होता.

"वाहता काय?"

"मधमाश्या."

मालकाचा हात थांबला. "मेलेल्या?"

"जिवंत. चोवीस पेट्या. आत पोळी उभी टांगलेली असतात. झटका बसला की तुटतात."

मालक स्टुलावर बसला. त्याला प्रश्न आवडला असावा. "मग हे लाल विसरा. लांबी उचललेल्या गाडीची आहे. तुमच्या गाडीत दांडा बराचसा आधीच आत जाऊन बसेल. मोठा खड्डा आला की बुडाला टेकेल. मग शॉकअप कसला, पहार बसवली म्हणा."

"पण जाड आहे ना, वजन पेलेल," मामा म्हणाले.

"वजन स्प्रिंगचे लोखंडी पाटे पेलतात, साहेब. शॉकअप काही पेलत नाही. तो फक्त पाट्यांना सांगतो, बाबांनो, नाचलात तेवढं पुरे." मग तो ड्रायव्हरणीकडे वळला. "माप आणलंय?"

तिनं चिठ्ठी पुढे केली. मालकानं वही उघडली, पानावर बोट फिरवलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "ही गाडी कंपनीच्या उंचीला असेल तर उभ्या गाडीत अठरा इंच यायला हवेत. तुम्ही पंधरा लिहिलेत."

"मी समोर होते. नवरा सुतार आहे माझा."

"सुतारावर शंका नाही. गाडी घेऊन या, मी बघतो."

"गाडी शनिवारपर्यंत हलत नाही."

"बिघडलीय?"

"नाही. माश्या बाहेर गेल्यात."

मालकानं मान हलवली. हे उत्तर त्याच्या वहीत कुठे बसत नव्हतं. "मग तुमचे पाटे बसले असतील. पंधराच्या मापाचे आखूड देतो. पण हातानं लावून बघा, घट्ट करायची घाई नको. रंग खरवडला नाही तर बदलून देईन."

बुधवारी काम सुरू झालं. आबांनी पहिलीच अट घातली. "हातोडा चालणार नाही. एक ठोका पडला तर वरच्या सगळ्या खाली येतील, आणि मग मी काही करू शकणार नाही." धुराचा डबा हातात घेऊन ते चाकाजवळ बाकड्यावर बसले आणि अधूनमधून पेट्यांच्या तोंडाशी हलका धूर सोडत राहिले. पेट्या त्यांच्या होत्या, शॉकअपवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून दोन्हींवर त्यांचं लक्ष होतं.

हातोड्याशिवाय गंजलेला बोल्ट काढणं हे काम ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. बोल्टला तेल पाजलं, तासभर थांबले, पुन्हा तेल पाजलं. पान्याला लोखंडी नळी लावून ड्रायव्हरीण तिच्यावर पोटानं लोंबकळली. नळी हलेना. नवरा तिच्या पाठीवर हात ठेवून दाबू लागला, तेव्हा आबा म्हणाले, "दोघं मिळून बोल्ट काढताय की झोपाळा खेळताय?" इतक्यात कुरकुर करत बोल्ट फिरला आणि ड्रायव्हरीण पोत्यावर आपटली. तिचे तळवे सोलले होते, दंडावर दोन डंख होते, पण ती हसत होती.

मग जॅक लावला. एकेक दात, सावकाश, पेट्या कलू न देता गाडीची चासी उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले, चाक काढलं. ॲक्सल खाली लोंबू लागला. नवा शॉकअप वरच्या कडीला चढवला, दांडा पूर्ण बाहेर ओढला आणि खालच्या बोल्टकडे नेला.

पोचला नाही. अडीच इंच उरले.

तिनं पुन्हा ओढला. नवऱ्यानंही ओढला. शॉकअपला काही लाज नव्हती, तो तेवढाच राहिला.

"सूतभरही चुकत नाही म्हणालात ना?" ती कपाळावरचं ग्रीस पुसत म्हणाली.

नवरा टेप हातात घेऊन गाडीखालून बाहेर आला. आधी चाकाकडे, मग वर पेट्यांकडे बघत राहिला. "अगं, आपण मापलं तेव्हा पेट्या वर होत्या."

"पेट्या तर नेहमीच वर असतात."

"तेच म्हणतोय मी. त्यांच्या वजनानं गाडी तीन इंच दबलेली होती. दबलेली गाडी मापली आपण."

खरंच, त्या घरात पिकअप रिकामी अशी कुणी धड पाहिलीच नव्हती. पेट्या उतरल्या की चौकटी चढत, चौकटी उतरल्या की मधाचे डबे. रिकामी गाडी म्हणजे काय, हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता.

आबा हसायला लागले. आधी मिशीत, मग पोटातून, मग इतके की धुराचा डबा खाली ठेवावा लागला. "वा रे हुशारी! चोवीस पेट्यांसकट गाडी मापली! उद्या सदऱ्याचं माप घ्यायला शिंप्यानं मला पोतं डोक्यावर घेऊन उभं करावं." सासूबाई दारातून विचारू लागल्या काय झालं, त्यांनाही सांगितलं, आणि पाच मिनिटांत फोनवरून मामांच्या हसण्याचा आवाज अंगणात ऐकू आला.

ड्रायव्हरणीलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. दुकानदारानं सांगितलं होतं, तिनं ऐकलं नव्हतं. गाडी तिची म्हणून ती भांडत होती आणि गाडी किती उंच आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. ती गाडीच्या पलीकडे जाऊन हात धुण्याच्या निमित्तानं बराच वेळ नळापाशी उभी राहिली. मग परत आली, नवऱ्याकडून टेप घेतला आणि लोंबत्या ॲक्सलवर स्वतः माप घेतलं. एकवीस इंच. ते चिठ्ठीवर पंधराच्या खाली लिहिलं. जुना शॉकअप तेवढ्यापुरता परत अडकवला आणि चाक बसवलं.

गुरुवारी ती एकटीच गेली. आखूड शॉकअप खोक्यांत घालून परत केले आणि झालं ते सांगून टाकलं. मालक हसला नाही. तारेची काडी कानामागे नीट करत त्यानं विचारलं, "मग रिकामी असताना मापली?"

"ती रिकामी होतच नाही, काका. पण पूर्ण भरलेली असताना पंधरा येतात आणि चाक अधांतरी लोंबतं तेव्हा एकवीस. मला असा द्या की या दोन्हींच्या पलीकडे थोडी थोडी जागा राहील."

मालकानं तिच्याकडे नव्यानं पाहिलं. "हे माप झालं," तो म्हणाला. त्यानं एक शॉकअप काढला आणि दांडा दाबून, ओढून दाखवला. मिटला की साडेतेरा, ताणला की साडेबावीस. दोन्हीकडे दीड दीड इंच शिल्लक. "कंपनीच्या उंचीचाच आहे हा. यात दोन प्रकार आहेत. हा ताठ, अवजड मालाचा. हा मधला, गॅसचा."

तिनं दोन्ही जमिनीवर उभे धरून आळीपाळीनं दाबले. ताठ दाबायला तिला पायाचं बोट रोवावं लागलं. मधला दाबला गेला, थांबला आणि कुरकुर न करता सावकाश वर आला.

"लोक ताठच नेतात," मालक म्हणाला.

"ताठ घेतला तर प्रत्येक खडा माश्यांना मोजून दाखवील. मला गाडी कडक नकोय. उडाली तर उडू दे, पण एकदाच. लगेच शांत व्हायला हवी."

"हे मी लोकांना वीस वर्षं सांगतोय," मालक म्हणाला आणि मधल्या दोन खोक्यांना सुतळी बांधली.

शुक्रवारी सगळं पुन्हा. आबा, धूर, नळी, ठोकळे. पण या वेळी बोल्टांत दोन दिवस तेल मुरलेलं होतं आणि खालची कडी अलगद जागेवर गेली. दुपारी चारपर्यंत दोन्ही बाजू झाल्या. नवऱ्याच्या नाकावर डंख बसून ते सुजलं होतं, सासूबाई त्याच्याकडे बघून पदर तोंडाला लावत होत्या. ड्रायव्हरणीनं मागच्या कोपऱ्यावर भार दिला आणि सोडला. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. पेट्यांमधून आवाजही आला नाही.

आबांनी ते पाहिलं. "उभ्या गाडीत काय कळतं," ते म्हणाले. पण दोनदा त्यांनी स्वतःही कोपरा दाबून बघितला, कुणाचं लक्ष नाही असं समजून.

चालवून बघायची सोय नव्हती, माश्या बाहेर होत्या. शनिवारी तांबडं फुटायच्या सुमारास पेट्यांची तोंडं बंद झाली आणि त्याच वेळी उंचगाडे मामांची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. रिकामी, चकचकीत, आत ड्रायव्हर आणि शेजारी मामा.

"दाजी, चढवायच्या का पेट्या?" मामांनी विचारलं.

आबा दोन गाड्यांच्या मधे उभे राहिले. सुनेकडे बघून म्हणाले, "पुलापर्यंत तू चालव. मी शेजारी बसतो. पुलापलीकडे रस्ता खराब आहे, म्हणून पुलावर थांबायचं आणि मी सांगीन ते ऐकायचं. एकही पोळं हललं असं मला वाटलं तर पुलावरच पेट्या मामाच्या गाडीत जातील."

"ऐकते," ती म्हणाली. आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

निघाले. मागे मामांची गाडी. आबा मागच्या काचेला कान लावून बसले होते. तिच्या गाडीत त्यांनी कधी पाठ टेकलेली कुणी बघितली नव्हती. प्रत्येक खड्ड्याला ते 'हं' म्हणत आणि तिचे हात घट्ट होत. पहिला मोठा खड्डा आला. गाडी बसली, उठली आणि पुढे चालू लागली. आबांचा 'हं' अर्धाच निघाला. दुसऱ्याला निघालाच नाही. तिनं आरशात पाहिलं, मामांची रिकामी गाडी त्याच खड्ड्यावर टुणकन उडून वाकडी झाली होती.

डांबर संपत आलं. पूल दिसू लागला. तिनं वेग कमी केला आणि आबा काय म्हणतात याची वाट बघितली. आबा काही म्हणाले नाहीत. तिनं हळूच मान वळवली. आबांची हनुवटी छातीवर टेकली होती आणि तोंड अर्धवट उघडं होतं. मामांनी मागून हॉर्न दिला. तिनं काच खाली करून हात बाहेर काढला आणि गप्प राहा अशी खूण केली. पूल ओलांडला.

पुढचा अर्धा तास तिनं आयुष्यात चालवली नव्हती इतक्या मायेनं गाडी चालवली. खडीवरून, चाकोऱ्यांवरून, ओढ्याच्या दगडांवरून. आबा दाराकडे कलायचे, परत सरळ व्हायचे, घोरायचे. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, आणि स्टिअरिंग सोडून ते पुसता येत नव्हतं.

सूर्यफुलाच्या बांधावर तिनं गाडी थांबवली. इंजिन बंद झालं तसे आबा दचकून उठले. "का थांबलीस? पूल आला का?"

"आबा, पूल केव्हाच मागे गेला. पोचलो आपण."

आबांनी समोर बघितलं. नजर जाईल तिथवर पिवळं शेत होतं. ते घाईनं उतरले, हौद्यावर चढले आणि एकेका पेटीला कान लावत गेले. मग झाकणं उघडायला लागले. एक, दोन, पाच, सगळी चोवीस. पोळी चौकटीत सरळ उभी होती आणि माश्या त्यांच्यावर निवांत फिरत होत्या. एकाही पेटीच्या बुडाला ओल नव्हती. शेवटचं झाकण लावून झाल्यावर आबा तिथेच हौद्यावर बसून राहिले.

तेवढ्यात मामांची गाडी आली. मामा कमरेवर हात ठेवून वाकतच खाली उतरले. "दाजी, पुलावर थांबायचं ठरलं होतं ना? पुढच्या खेपेला माझा ड्रायव्हर कधी पाठवू?"

"तुझ्या ड्रायव्हरला आराम दे," आबा म्हणाले. "आमच्या घरात आहे."

पेट्या उतरल्या, बांधावर ओळीनं लागल्या, तोंडं उघडली. माश्या बाहेर आल्या, जागा बघत दोन-चार घिरट्या घातल्या आणि फुलांकडे गेल्या. ड्रायव्हरीण गाडीत बसली. आबा शेजारी चढले, दार लावलं आणि समोर बघत म्हणाले, "मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो."

"हो, आबा."

तिनं गाडी सुरू केली. आबांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि पाठ पहिल्यांदाच सीटला पूर्ण टेकवली.

"आता घर येईपर्यंत उठवू नकोस मला," ते म्हणाले.